चारित्र्य पडताळणीच्या दिवसांत फॉर्म, फोन आणि फोटो कसे सांभाळायचे

निवड यादी लागली की संध्याकाळपर्यंत एक तरी फोन येतोच, "मॅडम, फेसबुक डिलीट करू का?" कधी ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातल्या ग्रंथालयात अभ्यास करणारा मुलगा असतो, कधी घणसोलीच्या अभ्यासिकेतली मुलगी, कधी कळव्याहून कुणाची आई. सगळ्यांना माझं उत्तर एकच. आज काहीही डिलीट करू नका. आज साक्षांकन नमुन्याची, म्हणजे सरकारी नोकरीआधीच्या पोलीस पडताळणीसाठी भरायच्या फॉर्मची, एक कोरी झेरॉक्स काढा आणि घरी बसून तो सावकाश वाचा.

मी बेलापूरला एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत होते. उमेदवारांचे नमुने तपासायचे, त्यांना पत्र लावून पोलिसांकडे रवाना करायचे, परत आलेले अहवाल नस्तीला लावायचे, हे माझ्या टेबलाचं काम. निवृत्त झाल्यावरही ओळखीची मुलं विचारायला येतात, आणि मला ते आवडतं. घरात पहिली सरकारी नोकरी येत असते तेव्हा आईबापाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मी पाहिलंय. म्हणूनच ती नोकरी एका चुकीच्या रकान्यापायी किंवा झेरॉक्सच्या दुकानात राहिलेल्या आधार कार्डापायी अडकली की जीव तुटतो.

मुलांच्या मनात दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते. नोकरी देणाऱ्याने जे लेखी विचारलंय ते सांगणं हे तुमचं कर्तव्य आहे. जे विचारलेलं नाही, ते आपल्यापाशी ठेवणं हा तुमचा हक्क आहे. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. फॉर्ममधला जुना खटला लपवतात, आणि आईचं नाव, जन्मतारीख, आधार नंबर टेलिग्रामवरच्या अनोळखी हजार जणांना दाखवून मोकळे होतात.

पडताळणी होते कशी

नमुन्यात नाव, पत्ते, शिक्षण, आईवडिलांची माहिती, आधीची नोकरी आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावं विचारतात. बहुतेक नमुन्यांत मागच्या पाच वर्षांत जिथे जिथे वर्षभराहून जास्त राहिलात ते सगळे पत्ते लागतात. आपल्याकडे मुलं गडबडतात ती इथेच. कळवा ठाणे पोलीस आयुक्तालयात, तिथून पुढे ऐरोली, रबाळे, घणसोली नवी मुंबई आयुक्तालयात. पनवेल आणि उरण रायगड जिल्ह्यात असले तरी पोलिसांच्या दृष्टीने नवी मुंबईतच. कोपरखैरण्याच्या माथाडी कुटुंबातल्या मुलाचा कायमचा पत्ता साताऱ्याच्या पाटण नाहीतर जावळी तालुक्यातला असतो, मग तिकडच्या पोलीस अधीक्षकांकडेही कागद जातो. भाड्याच्या खोल्या बदलत राहिलेल्यांनी भाडेकरारांवरून तारखा लावून घ्याव्यात. अंदाजाने लिहिलेला पत्ता म्हणजे अहवालात "उमेदवार सदर पत्त्यावर मिळून आला नाही" हा शेरा, आणि त्यापायी गेलेले महिने.

पोलीस ठाण्यात नमुना पोचला की तुमचं नाव गुन्ह्यांच्या नोंदींत तपासतात. देशभरातली पोलीस ठाणी सीसीटीएनएस या संगणक प्रणालीने जोडलेली आहेत, त्यामुळे "तो गावाकडचा मॅटर होता, इथे कळणार नाही" हे डोक्यातून काढून टाका. नंतर गोपनीय शाखेचे अंमलदार घरी येतात किंवा ठाण्यात बोलावतात, शेजाऱ्यांना विचारतात आणि अहवाल वर जातो.

सोशल मीडिया बघतात का? माझ्या टेबलावर आलेल्या साध्या लिपिक, शिपाई पदांच्या अहवालांत मी फेसबुकची प्रिंट लावलेली पाहिली नाही. पण त्यावर विसंबू नका. २०२१ च्या फेब्रुवारीत उत्तराखंड पोलिसांनी पासपोर्ट पडताळणीत सोशल मीडियावरचं वागणं पाहणार असं जाहीर केलं होतं. त्याच सुमाराला बिहारमध्ये हिंसक आंदोलनात सापडणाऱ्यांच्या चारित्र्य अहवालात त्याची नोंद होईल असं परिपत्रक निघालं. संरक्षण, अणुऊर्जा, गुप्तवार्ता अशा खात्यांत चौकशी खोलवर होते. आणि उघड्यावर ठेवलेलं पाहायला पोलिसांनाच कशाला, तुमच्या मागच्या क्रमांकावर राहिलेल्या उमेदवाराला कोण अडवणार? निनावी तक्रारींना जोडलेले स्क्रीनशॉट मी पाहिले आहेत.

फॉर्मपासून काही लपवू नका

नमुन्याच्या डोक्यावरच इशारा असतो: खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं ही अपात्रता ठरेल. खाली प्रश्न असतात. कधी अटक झाली आहे का, खटला चालला आहे का, कोर्टाने दंड केला आहे का, बंधपत्र घेतलं आहे का, परीक्षेतून किंवा विद्यापीठातून काढलं आहे का, सध्या काही प्रकरण प्रलंबित आहे का. एकेक शब्द वाचा. आपल्याकडे ज्याला चॅप्टर केस म्हणतात, म्हणजे शांतता राखण्यासाठी पोलिसांनी आधीच केलेली कारवाई, त्यात बंधपत्र, म्हणजे नीट वागण्याची लेखी हमी, घेतलेलं असू शकतं. मुलं म्हणतात, "मॅडम, ती केस नव्हती, नुसता चॅप्टर होता." प्रश्नात बंधपत्र विचारलं असेल तर उत्तर "होय" आहे, मग घरी त्याला काहीही म्हणा.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल या विषयात सगळीकडे लावला जातो. तीन न्यायमूर्तींनी त्यात सांगितलं की उमेदवाराने दिलेली माहिती खरी हवी, आणि नमुन्यातला प्रश्नही नेमका हवा. जे स्पष्ट विचारलेलं नाही ते सांगितलं नाही म्हणून कुणाला माहिती दडवल्याचा दोषी धरता येत नाही. तरुण वयात दिलेल्या घोषणा किंवा अगदी किरकोळ गुन्हा, ज्याने तसाही तो माणूस अपात्र ठरला नसता, तो दडवला गेला तरी नोकरी देणाऱ्याला समजुतीने घेता येतं. पण हे त्याच्या विवेकावर आहे. आणि खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी, असंही नाही. तरीही माझा सल्ला ठाम आहे: सांगा. सांगितलेल्या खटल्यावर चर्चा होते. दडवलेला खटला बाहेर आला की चर्चा खटल्याची उरत नाही, तुमच्या खरेपणाची होते, आणि तिथे मुलं हरतात.

आपल्या भागातल्या मुलांना दोन गोष्टी मुद्दाम सांगते. जुलै २०१८ मध्ये मराठा आंदोलनाच्या वेळी कोपरखैरण्यात हिंसाचार झाला. जून २०२१ मध्ये विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून बेलापूरला सिडको भवनावर हजारो प्रकल्पग्रस्त गेले. आंदोलनात शांतपणे उभं राहणं हा गुन्हा नाही आणि त्याचा फोटो घाबरून पुसायचीही गरज नाही. पण अशा गर्दीत कधी असाल तर कुठल्या एफआयआरमध्ये आपलं नाव आहे का, हे फॉर्म भरायच्या आधी बघा. तसंच २०२० च्या लॉकडाऊनमधलं कलम १८८, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचा गुन्हा. संध्याकाळी नाक्यावर उभ्या असलेल्या कितीतरी पोरांवर ते लागलं. पुढे राज्य सरकारने हे खटले मागे घ्यायचं ठरवलं, पण तुमचा खटला खरंच निकाली निघाला का, याचा कागद तुमच्या हातात हवा.

बघायचं कसं? ई-कोर्ट्सच्या ॲपवर जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. नाव मराठीत आणि इंग्रजीत, आडनावाच्या वेगवेगळ्या स्पेलिंगने टाकून बघा. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर प्रकाशित होतात. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचाच २०१६ चा आदेश आहे. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या: तुमच्या नावाचा एफआयआर शेजाऱ्यालाही शोधता येतो. तो लपवण्यात काही हशील नाही. निकालाची प्रमाणित प्रत काढून फॉर्मला जोडणं हेच शहाणपण.

अठरा वर्षांखाली असताना काही घडलं असेल तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम २४ वाचा किंवा वकिलाकडून समजून घ्या. बालवयातल्या चुकीची अपात्रता पुढे चिकटू नये, अशी तरतूद त्यात आहे. या एका बाबतीत उत्तर काय लिहायचं हे वकिलाला विचारूनच ठरवा.

आणि भरलेल्या नमुन्याच्या प्रत्येक पानाची प्रत स्वतःकडे ठेवा. फॉर्म दिल्यानंतर अटक किंवा खटला झाला तर तेही लगेच कळवायचं असतं, बहुतेक नमुन्यांत तशी सूचना छापलेली असते. ती शेवटची ओळ कुणी वाचत नाही.

माहिती फुटते ती इथे

कागदपत्र पडताळणीची तारीख आली की मुलं झेरॉक्सच्या दुकानात धावतात. भिंतीवर दुकानाचा व्हॉट्सॲप नंबर लावलेला असतो, "इथे पाठवा". तुम्ही आधार, पॅन, जातीचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, बँकेचं पासबुक एकामागून एक पाठवता. दुकानदार बिचारा भला असेल. पण ती सगळी फाइल त्याच्या फोनच्या गॅलरीत उतरली, तिथून बॅकअपला गेली, प्रिंट काढताना दुकानाच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडली. दिवसभरात शंभर माणसं त्या कॉम्प्युटरपाशी येतात. तुम्ही तुमच्या फोनवरून "सगळ्यांसाठी डिलीट" केलंत तरी कॉम्प्युटरवर उतरलेली प्रत तशीच राहते.

म्हणून: मूळ कागद घेऊन जा आणि समोर उभं राहून झेरॉक्स काढा. फाइलवरूनच प्रिंट काढायची असेल तर पेन ड्राइव्हवर तेवढी एकच फाइल न्या, अख्खं आयुष्य भरलेला पेन ड्राइव्ह नको. प्रिंट झाल्यावर फाइल पुसायला सांगा, रिसायकल बिनसुद्धा रिकामी करायला लावा. लाजू नका. घरी येऊन पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. दुकानाच्या कॉम्प्युटरवर स्वतःचा ईमेल उघडू नका, आणि नाइलाजाने व्हॉट्सॲप वेब उघडलंत तर फोनमधल्या "लिंक्ड डिव्हायसेस"मध्ये जाऊन ते तिथल्या तिथे बंद करा. बिघडलेली झेरॉक्स दुकानातल्या रद्दीच्या खोक्यात टाकायची नाही, घरी आणून फाडायची.

आधारची पूर्ण प्रत फक्त तिथे द्या जिथे कार्यालयाने ती लेखी मागितली आहे. बाकी क्लासवाले, होस्टेलवाले, लॉजवाले यांच्यासाठी मास्क्ड आधार आहे. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून तो उतरवता येतो आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रत्येक झेरॉक्सवर पेनाने आडवं लिहा: "फक्त अमुक पदाच्या कागदपत्र पडताळणीसाठी", खाली तारीख आणि सही. अक्षरं कार्डाच्या छपाईवरून गेली पाहिजेत, पण नंबर आणि चेहरा झाकायला नको. असं लिहिलेली प्रत पाहून कार्यालयात कुणी रागावत नाही. मला तर अशी प्रत देणाऱ्या उमेदवाराचं कौतुकच वाटायचं.

अर्ज भरायच्या काळात आधार इतक्या ठिकाणी दिलेलं असतं की एकदा दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर जाऊन आपल्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत हे जरूर बघा. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच "हा माझा नंबर नाही" म्हणून कळवता येतं. तुमच्या नावावरच्या सिमवरून कुणी कुणाला फसवलं तर पोलिसांची पहिली चौकशी तुमच्याकडे येणार, आणि तीही पडताळणीच्या तोंडावर. आधारच्या ॲपमधून बोटांचे ठसे लॉक करून ठेवता येतात. ज्या दिवशी आधारचा अंगठा लागणार त्या दिवशी ते उघडायला मात्र विसरू नका.

टेलिग्राम. सरळसेवेचे, पोलीस भरतीचे, तलाठ्यांचे ग्रुप. तिथे मुलं भरलेल्या साक्षांकन नमुन्याचा फोटो टाकून विचारतात, "हे बरोबर आहे का बघा." त्या एका फोटोत आईवडिलांचं नाव, जन्मठिकाण, सगळे पत्ते, नातेवाइकांची नावं, सही. बँकेत तुमच्या नावाने फोन करायला याहून जास्त काय लागतं? प्रश्न शब्दांत विचारा: "रकाना अमुकमध्ये भाड्याच्या घराचा पत्ता चालेल का?" पुरे. टेलिग्रामच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये फोन नंबर कुणालाच दिसू नये असं करून ठेवा.

या फोटोंवरच खोटे फोन करणारे पोट भरतात. निवड याद्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी असतात, त्यात नाव, बैठक क्रमांक, प्रवर्ग. उरलेलं तुम्ही ग्रुपवर दिलेलं. मग फोन येतो, "मंत्रालयातून बोलतोय, तुमची पडताळणी अडकली आहे, आजच्या आज पैसे पाठवलेत तर फाइल पुढे सरकवतो." नाव बरोबर, गुण बरोबर, गावही बरोबर, म्हणून माणूस विश्वास ठेवतो. आस्थापना शाखा यूपीआयवर पैसे मागत नाही, ओटीपी मागत नाही, लिंक पाठवून "इथे आधार भरा" म्हणत नाही. फोन ठेवा, निवड यादीच्या पत्रावर छापलेल्या कार्यालयाच्या नंबरवर स्वतः फोन करून विचारा. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत थांबण्याची शक्यता जास्त.

क्लासच्या मॉक इंटरव्ह्यूचे व्हिडिओ हा वेगळाच ताप. त्यात मुलगी आपलं गाव, वडिलांचा धंदा, भावाची नोकरी, आवडीनिवडी, आरक्षणाबद्दलचं मत, सगळं कॅमेऱ्यासमोर सांगते. क्लास ते यूट्यूबवर चढवतो आणि ते वर्षानुवर्षं तिथे राहतं. मुलाखतीला बसायच्या आधीच व्हॉट्सॲपवर लेखी कळवा की व्हिडिओ प्रसिद्ध करायला माझी संमती नाही. नंतर मागे लागण्यापेक्षा हे सोपं पडतं.

बॅनरबद्दल बोलले की घरचे नाराज होतात, पण बोलायलाच हवं. यादी लागली की दुसऱ्या दिवशी चौकात अभिनंदनाचा बॅनर. वर पक्षाच्या नेत्यांचे चेहरे, मध्ये तुमचा फोटो, खाली पदाचं नाव. त्याचा फोटो फेसबुकवर तुम्हाला टॅग. सरकारी नोकराने राजकारणापासून दूर राहावं हे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ मध्ये लिहिलेलं आहे, आणि तुम्ही रुजू व्हायच्या आधीच तुमचा चेहरा एका पक्षाच्या रांगेत बसला. नगरसेवकांना नम्रपणे सांगा, "काका, नियुक्ती आदेश हातात पडेपर्यंत थांबा, नंतर घरी चहाला या." समजून घेतात.

सोशल मीडिया, शांत डोक्याने

आधी स्वतःला बाहेरच्या नजरेने बघा. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत तुमचं नाव मराठीत आणि इंग्रजीत शोधा, मग नाव आणि गाव, मग नुसता मोबाइल नंबर, मग ईमेल. काय काय दिसतं ते वहीत लिहून काढा. कॉलेजच्या जुन्या पीडीएफ यादीत नंबर सापडतो, एखाद्या नोकरीच्या साइटवर टाकलेला बायोडाटा सापडतो. गूगलच्या शोधात तुमचा पत्ता, फोन किंवा ओळखपत्राचा नंबर दिसत असेल तर तो निकालांतून काढायची विनंती गूगलकडेच करता येते. मूळ साइटवरून काढायला त्या साइटवाल्यांना लिहावं लागतं.

फेसबुकवर एकेक पोस्ट पुसत बसू नका. सेटिंगमध्ये "लिमिट पास्ट पोस्ट्स" आहे, त्याने जुन्या सगळ्या सार्वजनिक पोस्ट फक्त मित्रांपुरत्या होतात. टॅग आधी तपासून मगच दिसतील असं करा. इन्स्टाग्राम प्रायव्हेट करा. पण तुम्ही कुठल्या वृत्तवाहिनीच्या किंवा पुढाऱ्याच्या पानावर केलेल्या कमेंट या सेटिंगने झाकल्या जात नाहीत, हे फार थोड्यांना माहीत असतं. ते पान सार्वजनिक, म्हणून कमेंटही सार्वजनिक. फेसबुकच्या "ॲक्टिव्हिटी लॉग"मध्ये कमेंटची यादी मिळते, यूट्यूबच्या कमेंट गूगलच्या "माय ॲक्टिव्हिटी"मध्ये. रात्री दोनला कुणाच्या तरी जातीवर लिहिलेली ओळ तिथे अजून असते. ती काढा, आणि नुसती नोकरीसाठी नको. उद्या त्याच समाजाचा माणूस तुमच्या खिडकीपुढे अर्ज घेऊन उभा राहणार आहे.

वाढदिवसाला तलवारीने केक कापल्याचे रील. आपल्या भागात यावर शस्त्र कायद्याखाली गुन्हे नोंद होतात. मित्राच्या रीलमध्ये तुम्ही मागे टाळ्या वाजवत असाल तरी तुमचा टॅग काढा आणि मित्राला ते रील खाली घ्यायला सांगा.

जुना मोबाइल नंबर बंद केला असेल तर सगळ्यात आधी त्याला जोडलेली खाती बदला. बंद नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या माणसाला मिळतो आणि त्याच्या फोनवर तुमच्या खात्याचा ओटीपी जाऊ शकतो. व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन लावा, आणि "मला ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं" तिथे फक्त ओळखीचे ठेवा. ट्रूकॉलरवर लोकांनी तुम्हाला कुठल्या नावाने सेव्ह केलंय ते दिसतं. ते नको असेल तर खातं बंद करून त्यांच्या संकेतस्थळावर नंबर यादीतून काढता येतो. तुमच्या नावाचं खोटं प्रोफाइल दिसलं तर आधी लिंकसकट स्क्रीनशॉट घ्या, मग त्या ॲपला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पोच क्रमांक जपून ठेवा. कुणी त्या खोट्या प्रोफाइलवरून तक्रार केलीच, तर तुम्ही आधीच कळवलं होतं हे दाखवता येईल.

एखाद्या पोस्टवरून तुमच्यावर तक्रार झालेली असेल तर मात्र त्या पोस्टला हात लावू नका. पुरावा म्हणून लागू शकणारा इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेतला गुन्हा आहे. वकिलाकडे जा.

नवा कायदा आलाय ना, असं मुलं विचारतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे खरा. पण जी माहिती तुम्ही स्वतःच सार्वजनिक केली आहे तिला तो लागू होत नाही. म्हणजे तुमच्या उघड्या पोस्टचं संरक्षण तो करणार नाही. ते सेटिंग तुम्हालाच बदलायचं आहे.

मुलींसाठी एक गोष्ट. नोकरी लागल्याचं कळलं की जुन्या ओळखीतला कुणी तरी फोटोंवरून धमकावतो, असं माझ्याकडे आलेल्या मुलींनी रडत सांगितलंय. पैसे देऊ नका आणि एकटीने सहन करू नका. सायबर पोर्टलवर महिलांवरील गुन्ह्यांसाठी नाव न देताही तक्रार करता येते. स्टॉप एनसीआयआय नावाच्या साइटवर तुमचा फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो, तिथून फक्त त्याची सांकेतिक खूण जाते, आणि त्यात सामील असलेल्या कंपन्या त्या खुणेवरून तो फोटो आपल्या ॲपवर अडवतात. धमकी मिळणं म्हणजे तुमच्या चारित्र्यावर डाग नाही. साक्षांकन नमुन्यात याबद्दल एकही प्रश्न नसतो.

अंमलदार घरी येतात तेव्हा

आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि शेजारच्या काकूंना सांगून ठेवा की नोकरीच्या पडताळणीसाठी पोलीस येतील. नाहीतर जिन्यावर खाकी दिसली की दहा मिनिटांत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "अमक्यांकडे पोलीस का आले होते?" सुरू होतं, आणि त्याच लोकांना अंमलदार तुमच्याबद्दल विचारणार असतात.

आलेल्या माणसाचं ओळखपत्र बघायला मागणं हा उद्धटपणा नाही. "साहेब, आपण कुठल्या ठाण्यातून?" असं विचारून नाव आणि बक्कल नंबर लिहून घ्या. नमुन्यात भरलेलीच कागदपत्रं दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ कागद सोपवू नका. फोन उघडून दाखवणं, पासवर्ड सांगणं, इन्स्टाग्रामवर कोण कोण आहे ते दाखवणं, याचा नमुन्यातल्या प्रश्नांशी काही संबंध नाही. कुणी मागितलंच तर शांतपणे म्हणा, "साहेब, हे लेखी द्या, मी कार्यालयाला विचारून देते." खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलंय. घरी आलेल्या अंमलदारांशी त्यावर वाद घालायचा नाही, पण आपण मागतोय ते गैर नाही हे मनात पक्कं असलं की आवाज कापत नाही. मुलींनी संपर्कासाठी बाबांचा किंवा भावाचा नंबर दिला तरी चालतं. तो घरातला आणि सतत चालू असलेला हवा.

"चहापाण्याचं" कुणी सुचवलं तर देऊ नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४ आहे.

अहवाल विरोधात गेला तर

तोंडी ऐकून घाबरू नका. नियुक्ती प्राधिकाऱ्यांना अर्ज करून कारण लेखी मागा, आणि आपली बाजू मांडायची संधी मागा. अर्जावर आवक क्रमांक घ्या. नमुन्याची जी प्रत जपून ठेवायला सांगितली ती इथे कामी येते: काय विचारलं होतं आणि तुम्ही काय लिहिलं होतं, ते तिच्यावरून सिद्ध करता येतं. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचा गुन्हा तुमच्या नावावर लागल्याचंही घडतं. अशा वेळी जन्मतारीख, वडिलांचं नाव आणि एफआयआरची प्रत समोरासमोर ठेवून दुरुस्तीचा अर्ज पोलीस आयुक्तालयात द्या. तरी नियुक्ती नाकारली तर राज्य शासनाच्या पदांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, आणि केंद्राच्या पदांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट. मुदती असतात, म्हणून नाकारल्याचं पत्र मिळालं की महिनाभर गावी जाऊन बसू नका, त्याच आठवड्यात वकील गाठा.

आणि सगळं सुरळीत झालं, नियुक्ती आदेश आला, तर त्याचा फोटो स्टेटसला ठेवायचा मोह आवरा. त्यावर पत्ता, जन्मतारीख, प्रवर्ग, रुजू व्हायची तारीख असते. आनंदाची बातमी शब्दांत लिहा, लोक तेवढंच अभिनंदन करतात. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडिया वापराबद्दल शासन निर्णय काढला. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नका, गोपनीय कागद टाकू नका, वैयक्तिक खात्यावरच्या फोटो-रीलमध्ये शासकीय पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, गाडी, इमारत वापरू नका, असं त्यात आहे. रुजू व्हायच्या आदल्या रात्री तो पूर्ण वाचा, मग प्रोफाइलवर पदनाम लिहिलं असेल तर तेही काढून टाका.